आख्खं पान वाचा: इंग्लंडमधल्या खेड्यातल्या चर्चच्या वह्या आणि तुमचे प्रश्न

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की माझ्या नवऱ्याच्या घराण्याचा माग काढताना डर्बीशायरमधल्या एका छोट्या पॅरिशच्या वह्या मी कशा वाचत गेले. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतलं गाव आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्या. त्यावर बरीच पत्रं आली, इंग्लंडमधून आली तशी पुण्याहून आणि साताऱ्याहून पण आली, त्यातली चार इथे घेतलीयेत. घरातल्या गोष्टी आहेत म्हणून कोणाचंच नाव छापलेलं नाही.

प्रश्न: ताई, नमस्कार. मी कोथरूडला असते, वय एकाहत्तर. मुलगा शेफील्डला आहे, सून तिथलीच, इंग्लिश. नातू आठ वर्षांचा झाला, त्याच्या शाळेत फॅमिली ट्री करून आणायला सांगितलंय. आमच्या बाजूचं मी दोन दिवसांत पाठवलं, यांच्या चुलत्यांनी मागे नाशिकला जाऊन उपाध्यायांच्या वहीतून सात पिढ्या उतरवून आणल्या होत्या. सुनेच्या बाजूला मात्र तिच्या पणजोबांच्या मागे एकच कागद आहे, १८६८ चा लग्नाचा दाखला, बेकवेलजवळच्या खेड्यातला. नवरा २४ वर्षांचा, शिशाच्या खाणीत कामाला, बापाचं नाव आहे आणि त्याचाही धंदा तोच. आता नेटवर कोणीतरी केलेला एक वंशवृक्ष सापडलाय, त्यात याच आडनावाची नावं थेट १५६० पर्यंत नेलीयेत. सून म्हणते तेच उतरवून देऊ, शाळेचंच तर काम आहे. माझ्या मनाला पटत नाही पण मी कोण सांगणार, त्यांचं घराणं आहे. काय करावं?

उत्तर: काकू, तुमच्या मनाला पटत नाहीये ते अगदी बरोबर आहे, उतरवू नका. आणि मी कोण सांगणार असं म्हणू नका, नातू तुमचाही आहे.

नेटवरची असली झाडं बहुतेक वेळा एकाने दुसऱ्याचं आणि दुसऱ्याने तिसऱ्याचं बघून केलेली असतात, मूळ वहीचं पान कोणीच उघडलेलं नसतं. डर्बीशायरच्या त्या डोंगराळ भागात चार खेड्यांत मिळून आडनावं मोजकी, आणि पुरुषांची नावं बघाल तर जॉन, विल्यम, थॉमस, जॉर्ज, रॉबर्ट, संपलं. एकाच पॅरिशमध्ये एकाच वेळी एकाच नावाचे तीन चुलतभाऊ असायचे आणि तिघांच्याही बायकांची नावं मेरी किंवा अ‍ॅन. मधे एक जोड चुकीची लागली की त्याच्या वरची सगळी माणसं दुसऱ्याच घरातली होतात, मग १५६० पर्यंत गेलात काय आणि १४६० पर्यंत गेलात काय.

तुमच्या हातात जो पक्का कागद आहे तिथून मागे चला. १८६८ ला २४ वर्षांचा म्हणजे जन्म १८४४ च्या आसपासचा. इंग्लंडमध्ये सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली, त्यामुळे हा माणूस तिच्यात असायला हवा, आणि तिथल्या सरकारी रजिस्टर ऑफिसच्या ऑनलाइन यादीत मुलाच्या नावासमोर आईचं माहेरचं आडनावही दिलेलं असतं, त्यावरून तीन सारख्या नावाच्या मुलांमधला आपला कोणता ते बरंचसं ठरवता येतं. नाही सापडला तरी घाबरू नका, १८७५ पर्यंत जन्म न नोंदवल्याबद्दल दंड नव्हता म्हणून बरीच मुलं नोंदवायची राहून गेली.

मग १८५१ ची जनगणना बघा. त्यात हा पोरगा सहा-सात वर्षांचा आईबापाच्या घरात सापडेल, आणि महत्त्वाचं म्हणजे त्यात घरातल्या प्रत्येकाचा जन्म कुठल्या पॅरिशमध्ये झाला ते लिहिलेलं असतं. १८४१ च्या जनगणनेत ते नाही, तिथे फक्त याच काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, जन्मला का, हो की नाही, एवढंच, आणि पंधराच्या वरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहायला सांगितलेली, म्हणजे ३९ चा माणूस ३५ चा दिसतो. हे माहीत नसलं की लोक चुकीचा बाप धरतात.

आता आईबापाची पॅरिश कळली की खरं काम सुरू होतं, चर्चच्या वह्या. १५३८ साली आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला की दर पॅरिशने एक वही ठेवायची, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन दर रविवारी त्यात लिहायचं आणि वही पेटीत बंद करायची, पेटीला दोन कुलपं, एक किल्ली पाद्र्याकडे, दुसरी चर्चचं कामकाज बघणाऱ्या वॉर्डनांकडे. लोकांना तेव्हा वाटलं की हा नवीन कर बसवायचा डाव आहे. सुरुवातीच्या वह्या साध्या कागदाच्या होत्या, त्या कुजल्या, उंदरांनी खाल्ल्या, म्हणून १५९८ ला परत हुकूम निघाला की सगळं चामड्याच्या टिकाऊ पानांवर उतरवून काढा, निदान राणी एलिझाबेथ गादीवर आल्यापासूनचं तरी. ती गादीवर आली १५५८ ला, आणि उतरवणाऱ्यांनी पुष्कळ ठिकाणी तिथूनच सुरुवात केली, मागचं सोडून दिलं. त्यामुळे १५६० हे साल वहीत सापडणं अशक्य नाहीये, पण तेव्हाची नोंद कशी असते माहितीये का, "जॉन, विल्यमचा मुलगा" आणि तारीख, बस. आईचं नाव बऱ्याचदा नाही, धंदा नाही, वाडी नाही. दोन विल्यम असले की कुठला ते त्या ओळीवरून कोणीच सांगू शकत नाही, आणि त्या झाडवाल्याने नेमकं हेच ठरवून टाकलेलं असतं.

त्यात परत १६४० ते १६६० च्या, यादवी युद्धाच्या आणि त्यानंतरच्या काळात कित्येक पॅरिशच्या वह्यांत भलंमोठं भगदाड आहे. पाद्री हाकलले गेले, काहींनी वह्या लपवून ठेवल्या, १६५३ नंतर लग्नं लावायचं काम मॅजिस्ट्रेटकडे गेलं. या वीस वर्षांवरून कोणाचं झाड सरळ उडी मारून गेलेलं दिसलं की मी थांबते आणि विचारते, पुरावा कुठंय.

तुमच्यासाठी सगळ्यात भरवशाचा काळ १८१३ नंतरचा. त्या वर्षीपासून छापील फॉर्मच्या वह्या आल्या, बाप्तिस्म्याच्या एका पानावर आठ नोंदी, आणि प्रत्येकीत मुलाचं नाव, आईबापाची नावं, राहायचं ठिकाण आणि बापाचा धंदा. शिशाच्या खाणीतला कामगार आणि अमुक वाडी एवढं मिळालं की तीन सारख्या नावांतला आपला वेगळा काढता येतो.

पण एक लक्षात ठेवा, बेकवेल ही प्रचंड मोठी पॅरिश होती आणि तिच्या हाताखाली टॅडिंग्टन, मॉनीअ‍ॅश, चेल्मॉर्टन, शेल्डन, लाँगस्टोन, बॅस्लो अशी गावोगावची छोटी चॅपल्स होती. बाप्तिस्मा गावच्या चॅपलमध्ये, लग्न बेकवेलच्या मोठ्या चर्चमध्ये असं सर्रास चालायचं, म्हणून एका वहीत नाही सापडलं तर माणूसच नव्हता असं धरू नका. शिवाय खाणीतली पुष्कळ माणसं मेथडिस्ट, म्हणजे अँग्लिकन या सरकारमान्य चर्चपासून वेगळ्या झालेल्या पंथाची होती, मुलांचा बाप्तिस्मा त्यांच्या चॅपलात व्हायचा, पण १७५४ ते १८३७ या काळात लग्न कायदेशीर व्हायचं तर क्वेकर (आणखी एक वेगळा ख्रिस्ती पंथ) आणि ज्यू सोडून सगळ्यांना अँग्लिकन चर्चमध्येच लावावं लागायचं. म्हणजे लग्न इथे आणि मुलं कुठेच नाहीत असं दिसलं तर मेथडिस्ट वह्या बघा, १८३७ नंतर सरकारने त्यातल्या बऱ्याच गोळा केल्या, त्या लंडनला क्यूमधल्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये आहेत. मुख्य चर्चच्या वहीचं पान फाटलेलं असेल तर बिशपकडे दरवर्षी पाठवायची नक्कल असते. डर्बीशायर तेव्हा लिचफिल्डच्या बिशपच्या ताब्यात होतं, म्हणून त्या नकला डर्बीशायरच्या रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे मॅटलॉकला, न शोधता स्टॅफर्डला शोधायच्या. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, मी मॅटलॉकला दोन खेपा घातल्या.

आणि आता सगळ्यात मोठा धोका सांगते, यात मी स्वतः वर्षभर चुकीच्या वाटेवर होते. १७८७ ला बाप्तिस्मा झालेली एक मेरी मला सापडली, आईबापाची नावं जुळली, मी आनंदाने पुढे तिचं लग्न, तिची मुलं, सगळं जोडत गेले. मग एक दिवस काही कारण नसताना दफनाची वही सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचायला घेतली, नाव न शोधता, नुसतं एकामागून एक पान. १७८९ च्या जानेवारीत एकाच आठवड्यात पाच मुलं गेलेली. पाद्र्याचं अक्षर तोपर्यंत ठसठशीत, त्या आठवड्यात बारीक आणि घाईचं, आणि पाचातली तिसरी ओळ होती मेरी, त्याच आईबापांची मुलगी. मग बाप्तिस्म्याच्या वहीत पुढे गेले तर १७९१ ला त्याच घरात परत मेरी. मेलेल्या मुलीचं नाव पुढच्या मुलीला ठेवायचे, आजीचं किंवा आईचं नाव चालू राहावं म्हणून. माझी मेरी ही दुसरी. पहिली दीड वर्षाची होऊन गेली होती आणि मी तिचं लग्न लावून मोकळी झाले होते. त्या दिवसापासून मी कोणालाही सांगते की नाव शोधू नका, आख्खं पान वाचा, जमलं तर आख्खी दहा वर्षं वाचा, तेव्हा कुठे ते गाव कळायला लागतं.

नातवाला काय द्यायचं? जेवढ्या पिढ्यांचा कागद हातात आहे तेवढ्याच लिहा, वरचा चौकोन रिकामा ठेवा आणि त्यात लिहा की शोध चालू आहे. मास्तरीणबाईंना ते जास्त आवडेल. आणि एक काम नक्की करा. तुमच्याकडचा लग्नाचा दाखला सरकारी ऑफिसातून आलेला असेल तर ती कारकुनाच्या अक्षरातली नक्कल असते, खरी सही चर्चच्या वहीत आहे. त्या पानाचा फोटो मुलाला मागवायला सांगा. वधूने सही केलीये का फुली मारलीये ते बघा, फुली असली तर तीच तिच्या हातची खूण. ती नातवाला मोठी करून वहीत चिकटवू द्या.

प्रश्न: आम्ही रेडिंगला राहतो. बायकोच्या माहेरचं शोधताना एक लग्न सापडलं, २० एप्रिल १७१५, आणि त्याच जोडप्याच्या पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा ५ फेब्रुवारी १७१५. म्हणजे मूल लग्नाच्या आधीचं. पण वहीत तसा काही शेरा नाही. पाद्र्याने लपवलं असेल का?

उत्तर: काहीच लपवलेलं नाही, मूल लग्नानंतर साडेनऊ महिन्यांनी झालंय. १७५२ च्या आधी इंग्लंडमध्ये नवीन वर्ष २५ मार्चला लागायचं, लेडी डे म्हणतात त्या दिवशी. त्यामुळे १७१५ चा एप्रिल आधी येतो आणि १७१५ चा फेब्रुवारी नंतर, आपल्या हिशोबाने तो १७१६ चा फेब्रुवारी. मूळ वही उलगडून बघितलीत तर ओळींचा क्रमच तसा दिसेल, डिसेंबर १७१५ च्या खाली जानेवारी १७१५. कॉम्प्युटरच्या यादीत तारखा क्रमाने लावल्या की हा क्रम मोडतो आणि घराण्यावर नसता डाग लागतो. तुमच्या टिपणात ५ फेब्रुवारी १७१५/१६ असं लिहा, सगळे अभ्यासक तसंच लिहितात. १७५२ मध्ये आणखी एक गंमत आहे, २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर, मधले अकरा दिवस कुठल्याच वहीत मिळणार नाहीत.

१७३३ च्या आधीच्या पानांवर लॅटिनही भेटेल, घाबरायचं कारण नाही, शब्द ठरलेले वीस-पंचवीसच असतात. गुलिएल्मुस म्हणजे विल्यम, याकोबुस म्हणजे जेम्स, फिलिया म्हणजे मुलगी, सेपुल्तुस म्हणजे पुरला. लिपीचं म्हणाल तर ज्याने मोडी वाचायचा प्रयत्न केलाय त्याला ते जुनं इंग्रजी अक्षर लवकर जमतं, असा माझा अनुभव आहे. एकाच लेखकाच्या हातचे सोपे शब्द आधी पकडायचे, महिन्यांची नावं, वारांची नावं, आणि त्यावरून त्याचा र कसा, स कसा ते ठरवत जायचं. आडनाव मात्र कानावर पडलं तसं लिहिलेलं असतं. हॅलम आडनावाचा माणूस ह न उच्चारता बोलला की वहीत अ‍ॅलम, म्हणून यादीत शोधताना अ खाली पण बघा.

प्रश्न: ताई, हे छापताना आमचं गाव पण लिहू नका प्लीज. मी मराठी, नवरा इंग्लिश, सासूबाई ८३ वर्षांच्या. त्यांच्या खापरपणजोबांचा १८०९ चा बाप्तिस्मा मला सापडला, त्यात आईचं नाव आणि पुढे "अनौरस" अशा अर्थाचा शब्द, बापाचं नावच नाही. सासूबाईंना अजून सांगितलं नाहीये. त्या चर्चला जाणाऱ्या, जुन्या वळणाच्या. नवरा म्हणतो झाकून ठेव. मला वाटतं त्या बाईवर अन्याय होतोय. आणि बाप कोण हे कधी कळू शकतं का?

उत्तर: आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण त्यावरून पहिल्याचं कदाचित सुटेल.

हो, कळू शकतं, आणि आश्चर्य म्हणजे गरीब बाईच्या बाबतीत जास्त कळू शकतं. पैसेवाल्या घरात असं झालं तर सगळं आतल्या आत मिटायचं, गरिबाच्या बाबतीत कागद व्हायचा, कारण मूल पोसायचा खर्च कोणावर पडणार हा आख्ख्या गावाचा प्रश्न होता. १६०१ च्या कायद्याने दर पॅरिशने आपले गरीब आपणच पोसायचे ठरलं, त्यासाठी घरपट्टीसारखी पट्टी बसवायची आणि ती वाटायला ओव्हरसीअर नेमायचे. मग १६६२ ला दुसरा कायदा आला की कोण कुठल्या पॅरिशचा ते ठरवायचं आणि बाहेरचा माणूस भार होईल असं वाटलं तर त्याला त्याच्या पॅरिशला परत पाठवायचं. लग्नाशिवाय झालेलं मूल जिथे जन्मेल त्या पॅरिशचं धरलं जायचं. याचा अर्थ काय झाला ते बघा, दिवस गेलेल्या बिनलग्नाच्या पोरीला बाळंतपणाच्या आधी हद्दीबाहेर काढायची धडपड ओव्हरसीअर करायचे, म्हणजे मूल दुसऱ्या गावाच्या बोकांडी बसेल. गाडीत घालून नेलेल्या बायका आहेत हो, आठव्या नवव्या महिन्यात. त्या नेण्याचा खर्च ओव्हरसीअरच्या हिशोबाच्या वहीत लिहिलेला असतो, गाडीभाडं इतकं, वाटेतली बिअर इतकी.

म्हणून तुम्ही बाप्तिस्म्याच्या वहीशी थांबू नका. त्याच पेटीतले दुसरे कागद मागा, रेकॉर्ड ऑफिसात पॅरिश चेस्टचे कागद म्हटलं की त्यांना कळतं. त्यात दोन गोष्टी शोधा. एक म्हणजे त्या बाईची मॅजिस्ट्रेटपुढची जबानी, तिला शपथेवर विचारायचे की मुलाचा बाप कोण, आणि ती जे नाव सांगेल ते लिहून घ्यायचे. दुसरं म्हणजे त्या माणसाने लिहून दिलेला बाँड, की मुलाचा खर्च मी देईन, पॅरिशवर टाकणार नाही, न दिल्यास अमुक रक्कम भरीन. १८०९ हा काळ या कागदांसाठी चांगला आहे, १८३४ ला गरिबांचा कायदा बदलला आणि मग हे सगळं वेगळ्या वाटेने जायला लागलं. सगळ्याच पॅरिशचे कागद टिकलेले नाहीत, पण विचारायला हवं. तोपर्यंत मुलाचं पूर्ण नाव नीट बघा. त्या काळात गरिबाच्या मुलाला दोन नावं क्वचित असायची, आणि मधलं नाव जर आडनावासारखं दिसत असेल तर ते बापाचं आडनाव असायची बरीच शक्यता असते. आईने एवढं तरी त्याच्या पदरात घातलेलं असतं.

अशी एक जबानी मी वाचलीये, वेगळ्या घराची. पोरगी विशीची, वार्षिक कराराने शेतावर मोलकरीण. वर्षभर एका जागी काम केलं की त्या पॅरिशचा हक्क मिळायचा, म्हणून मालक लोक मुद्दाम एकावन्न आठवड्यांसाठीच ठेवायचे, हिलाही तसंच ठेवलेलं. जन्म कुठे, पहिली नोकरी कुठे, किती आठवडे, मजुरी किती, सगळं तिच्या तोंडून आलेलं. मग मुलाच्या बापाचं नाव. आणि खाली तिची फुली, शाई फुटलेली, पेन दाबून धरल्यासारखं. तिच्याबद्दल बाप्तिस्म्याच्या वहीत होता फक्त तो एक शब्द, आणि इथे तिचं सगळं लहानपण.

आता सासूबाईंचं. मी तुमच्या बाजूने आहे. पण तो एक शब्द घेऊन त्यांच्याकडे जाऊ नका, ती जबानी किंवा बाँड मिळेपर्यंत थांबा, आणि नाहीच मिळालं तर पुढच्या जनगणनांमध्ये ती बाई काय करत होती ते शोधा. मूल तिने स्वतः वाढवलं का, पुढे लग्न केलं का, म्हातारपणी मुलाच्या घरी होती का. मग त्यांना सांगा की आई, तुमच्या घरातल्या या बाईने हे सगळं सोसून हे मूल जगवलं आणि म्हणून तुम्ही आहात. त्या वेळी नवऱ्याला पण समोर बसवा. त्या पाद्र्याच्या शब्दाचा लाजेचा भाग तिच्या वाट्याला द्यायची आपल्याला काही गरज नाही, दोनशे वर्षं झाली. आणि सासूबाई म्हणाल्या की झाडात लिहू नका तर लिहू नका, जोपर्यंत त्या आहेत. कागद मात्र नीट जपून ठेवा, फेकू नका.

प्रश्न: मी सातारा जिल्ह्यात शिक्षक आहे. आमच्याकडच्या जुन्या इंग्रजी स्मशानभूमीत मुलांना घेऊन साफसफाई करताना एक मोडका दगड निघाला. सैनिक असावा, नाव अर्धं, रेजिमेंटचा आकडा तुटलेला, साल १८४ आणि पुढचा आकडा गेलेला, पण खाली "डर्बी काउंटीचा रहिवासी" असं स्पष्ट वाचता येतं, आणि सोबत्यांनी हा दगड बसवला असंही. मुलं रोज विचारतात सर हा कोण होता. याचं गाव शोधता येईल का?

उत्तर: सर, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. प्रयत्न करू, शक्यता बरी आहे.

सुरुवात दफनाच्या नोंदीपासून. मुंबई इलाख्यातल्या चॅप्लेनना, म्हणजे सरकारी पाद्र्यांना, बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नकला लंडनला पाठवाव्या लागायच्या, त्या आता ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या कागदांत आहेत, बंगालच्या एन १, मद्रासच्या एन २ आणि आपल्या मुंबईच्या एन ३ या क्रमांकाखाली. त्यातल्या बऱ्याच ऑनलाइन पण बघता येतात. १८४० ते १८४९ अशी दहाच वर्षं आहेत, जागा माहीत आहे, अर्धं नाव माहीत आहे. मुलांना दोन-दोन वर्षं वाटून द्या आणि यादीत नाव टाकून शोधण्याऐवजी पानंच वाचायला लावा, कारण यादी करणाऱ्याने अक्षर चुकीचं वाचलेलं असू शकतं. दफनाच्या नोंदीत बहुधा हुद्दा आणि रेजिमेंट असते, म्हणजे तुटलेला आकडा तिथे मिळेल.

पुढे दोन वाटा आहेत. कंपनीच्या स्वतःच्या युरोपियन पलटणीतला असेल तर त्याचे कागदही ब्रिटिश लायब्ररीतच, मुंबई फौजेच्या रजिस्टरांत. राणीच्या पलटणीतला असेल तर क्यूला, नॅशनल अर्काइव्हजमध्ये जावं लागेल. तिथे सगळे लोक आधी पेन्शनवाल्यांचे कागद सुचवतात, त्यात अमुक पॅरिशमध्ये जन्मला असं लिहिलेलं असतं म्हणून, पण तुमचा माणूस नोकरीतच गेला, पेन्शनपर्यंत पोचलाच नाही, त्यामुळे तिथे त्याचा कागद असायची शक्यता कमी. त्याच्यासाठी डब्ल्यूओ १२, म्हणजे पलटणीचे हजेरीपट. मेलेल्या किंवा सोडून गेलेल्या सैनिकांची वेगळी यादी त्यात तिमाहीच्या शेवटी असते आणि तिथे जन्मगाव, भरती व्हायच्या आधीचा धंदा आणि भरतीची तारीख सापडते. धंदा जर विणकर किंवा खाणकामगार निघाला तर मला नवल वाटणार नाही, डर्बीशायरमधून असे बरेच जण काम बसलं की लाल कोट चढवायचे.

जन्मगाव मिळालं की त्या पॅरिशची बाप्तिस्म्याची वही उघडायची, ते मला सांगा, मी मॅटलॉकला जाते तेव्हा बघून देईन. तिथे शाईचं पेन नेऊ देत नाहीत, फक्त पेन्सिल, म्हणून मला पत्रात अंदाजे जन्मसाल आणि नावाची सगळी संभाव्य स्पेलिंगं आधीच लिहून द्या म्हणजे मी वेळ घालवणार नाही.

तोवर दगडाची काळजी घ्या. तारेच्या ब्रशने घासू नका, अक्षरं दिसावीत म्हणून खडू किंवा तेल लावू नका. सकाळी कोवळं ऊन तिरपं पडतं तेव्हा बाजूने फोटो काढा, नाहीतर मुलांना आरसा धरायला सांगून उजेड तिरपा पाडा, जे अक्षर दुपारी दिसत नाही ते तेव्हा दिसतं, साल तरी नक्की कळेल. तुटलेले तुकडे गवतात असतील, तेही गोळा करून जुळवून फोटो काढा. फोटोंची एक प्रत फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटीला पाठवा, हिंदुस्थानातल्या थडग्यांवरचे लेख गोळा करणारी स्वयंसेवकांची संस्था आहे, कदाचित शंभर वर्षांपूर्वी हाच लेख पूर्ण असताना कोणीतरी उतरवून ठेवलेला तिथे मिळेल.

आणि गाव सापडलंच तर एक पत्र मुलांकडून लिहून घ्या, त्या गावच्या चर्चच्या नावाने. कारण तिथल्या वहीत याचा बाप्तिस्मा असेल, आईबापांची नावं असतील, पुढे आईबाप गेल्याची नोंदही असेल, पण याच्या दफनाची ओळ त्या वहीत कधीच आलेली नसणार. आईबापांना कळवलं असेल की नाही, काय कळवलं असेल, कोण जाणे. मुलांना सांगा पत्रात सगळं लिहा, कुठे आहे, आजूबाजूला झाडं कुठली आहेत, दगड कोणी धुतला. आणि दगडाचा फोटो सोबत जोडा.